एकशे शहाऐंशी ओळी

“क्वेश्चन मार्क,” पाव्हणा म्हणाला.

मी तीच ओळ पुन्हा टाइप केली, या वेळी बटणं जरा जोरात दाबून. जणू त्याला कमी ऐकू येत होतं.

“क्वेश्चन मार्क.”

“मुनीरभाई, याला दुसरं काही बोलता येतं की नाही?”

“चुकलं की एवढंच बोलतो तो. काय चुकलं ते आपलं आपण शोधायचं.”

“म्हणजे आपल्या कचेरीतल्या मोठ्या साहेबांसारखाच.”

मुनीरभाई तांबोळी हसले. आमच्या कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबचे ते तंत्रज्ञ. त्या दिवशी माझ्या शेजारच्या स्टुलावर बसून ते कसल्याशा वायरीला टेप गुंडाळत होते. टेप सुटताना होणारा आवाज मला येत होता. ही गोष्ट दोन हजार दोन सालातली. सांगलीकडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी चौदा वर्षं टेलिफोन ऑपरेटर होते. मला जन्मापासून दिसत नाही. अंधशाळेत टायपिंग शिकले, मग टेलिफोन बोर्डाचं शिक्षण घेतलं आणि तेविसाव्या वर्षी या नोकरीला चिकटले. जिन्याखालच्या माझ्या खोलीत भिंतीएवढा बोर्ड होता. त्यात एकशे शहाऐंशी भोकं, प्रत्येक भोकामागे एक तार, तारेच्या टोकाला कुणाचा तरी फोन. कॉल आला की पितळी पीन उचलायची आणि बरोबर भोकात घालायची. कुणाचं भोक कुठलं ते मला कधी आठवावं लागलं नाही, हात आपोआप जायचा.

त्या सप्टेंबरात कॉलेजनं आपोआप जोडणारं यंत्र घेतलं. बाहेरून फोन आला की एक मुलगी इंग्रजीत सांगायची, हव्या त्या माणसाचा नंबर दाबा. माझा बोर्ड चार गड्यांनी उचलून भंगारात नेला. प्राचार्य सरनोबत सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं, चहा मागवला आणि फार मायेनं सांगितलं की काळजी करू नका, तुमची नोकरी पक्की आहे. रोज यायचं, खोलीत बसायचं, पाच वाजता जायचं. काम असं काही नाही.

मी हिशेब केला. निवृत्तीला एकवीस वर्षं होती.

सर खरंच भला माणूस. त्यांना वाटलं, आपण मोठी सवलत दिली. मी चहा प्यायले, आभार मानले आणि खोलीत येऊन बसले. पहिला आठवडा बसले. दुसऱ्या आठवड्यात भिंतीवरच्या पालीचा आवाज मला ओळखू यायला लागला, तेव्हा उठले आणि मुनीरभाईंच्या लॅबमध्ये गेले.

निमित्तही होतं. नव्या यंत्रात चुका होत्या. ग्रंथालयाचा फोन लावला की जिमखान्यात वाजायचा. कुणाचा नंबर कुठल्या तारेवर, याची यादी कंपनीच्या माणसानं घाईत भरली होती आणि तो महिन्यातून एकदा पुण्याहून यायचा. यादी म्हणजे काय, मी मुनीरभाईंना विचारलं. ते म्हणाले, काही नाही, तुमच्याच खोलीत बसवलेल्या यंत्राशेजारच्या कॉम्प्युटरमधली एक साधी फाईल. एका ओळीत एक फोन. आधी नंबर, मग नाव, शेवटी तारेचा क्रमांक. ती ओळ दुरुस्त केली आणि यंत्राला यादी पुन्हा वाचायला लावली की झालं. पण त्यांना लॅब सोडून तिथं बसायला वेळ नव्हता.

“तारांचे क्रमांक कुठले घातलेत?” मी विचारलं.

“तुमच्या बोर्डावरचेच. तारा त्याच आहेत ना.”

“मग ती यादी मला पाठ आहे. मी करते.”

त्यांना काय म्हणायचं होतं ते मला कळलं आणि ते बोलायला धजत नव्हते तेही कळलं. शेवटी म्हणाले, “सुगंधाताई, कॉम्प्युटरला पडदा असतो.”

मी म्हटलं, ते मला ठाऊक आहे.

दोन दिवसांनी त्यांनीच मला बोलावून घेतलं. आमच्या एका माजी विद्यार्थ्यानं अमेरिकेहून पाच वर्षांपूर्वी एक वस्तू भेट पाठवली होती, ती कपाटात तशीच पडून होती. वहीएवढा डबा. कॉम्प्युटरला जोडला की पडद्यावर उमटलेली अक्षरं तो बोलून दाखवायचा. रंगीत चित्रांच्या आणि खिडक्यांच्या कॉम्प्युटरवर त्याची बोबडी वळायची, पण काळ्या पडद्यावरची साधी अक्षरं त्याला जमत होती. यादीचा कॉम्प्युटर नेमका तसाच होता. डब्यातला आवाज पुरुषाचा, अमेरिकन, सर्दी झाल्यासारखा. घोरपडेला तो ‘गोअर पेड’ म्हणायचा. आम्ही त्याचं नाव पाव्हणा ठेवलं.

पहिले चार दिवस फुकट गेले. मुनीरभाई स्वतः फाईल दुरुस्त करायला जो एडिटर वापरायचे तोच त्यांनी मला शिकवायला घेतला. त्यात सगळी फाईल पडद्यावर पसरते आणि आपण वर-खाली फिरायचं. मी एक बटण दाबलं की पाव्हणा अख्खा पडदा घडाघडा वाचून काढायचा. मी कुठं आहे ते मलाही कळेना आणि त्यालाही. मुनीरभाई सांगायचे, “आता बघा, खाली डाव्या कोपऱ्यात...” आणि जीभ चावायचे. चौथ्या दिवशी मी बटणांवरून हात काढून घेतले. म्हटलं, हे तुमच्या डोळ्यांसाठी केलेलं आहे, त्यात माझी आणि याची दोघांची दमछाक होतेय.

त्यांनी ती फाईल बंद केली. मग म्हणाले, “एक म्हातारा आहे. चालेल का बघू.”

मला वाटलं कुणी माणूस आहे.

तो ‘एड’ निघाला. मुनीरभाईंनी सांगितलं की फार पूर्वी कॉम्प्युटरला पडदाच नसायचा, टाइपरायटरसारखं कागदावर उमटायचं. त्या काळातला हा एडिटर. स्वतःहून काहीच दाखवत नाही. तुम्ही म्हणाल ती एक ओळ देतो आणि गप्प बसतो. हल्ली कुणी त्याला विचारत नाही, पण तो अजून कॉम्प्युटरमध्ये आहे. आधी ‘ई, डी’, मग फाईलचं नाव. बारावी ओळ हवी तर बारा आणि ‘पी’.

मी बारा आणि ‘पी’ दाबलं. पाव्हण्यानं बारावी ओळ वाचली. एवढीच. मग दोघंही थांबले, मी पुढं काय म्हणते त्याची वाट बघत.

चौदा वर्षं मी हेच करत होते की. कुणी विचारलं तर जोडून द्यायचं, नाहीतर गप्प बसायचं. पडदा लागतो कुणाला?

म्हणजे लगेच जमलं असं मात्र नाही. पुढचा आठवडा प्रश्नचिन्हांचा गेला. त्यातला सगळ्यात मोठा गोंधळ सांगते. नवी ओळ घालायची तर ‘ए’ दाबायचं. मग तुम्ही काहीही टाइप करा, तो ते मुकाट्यानं फाईलमध्ये लिहून घेतो. थांबायचं असेल तर एका ओळीवर नुसता पूर्णविराम द्यायचा. ते पूर्णविरामाचं मी विसरले. नवी ओळ घातली, मग बाहेर पडायचा हुकूम दिला. तो गप्प. पुन्हा दिला. गप्प. प्रश्नचिन्हसुद्धा नाही. मला वाटलं रुसला. मी इंग्रजीत विनवलं, मग इंग्रजी अक्षरांत मराठीत विनवलं, शेवटी रागावून जे यायचं ते टाइप केलं. संध्याकाळी मुनीरभाईंनी फाईल उघडली आणि खुर्चीवरून पडायचेच बाकी राहिले. फोनच्या यादीत, ग्रंथालयाच्या खाली, ओळीनं लिहिलेलं होतं: क्विट, क्विट, बंद हो, अरे ऐक ना, मेल्या ऐक ना.

“नशीब, यंत्राला ही यादी वाचायला दिली नाही,” ते म्हणाले. “नाहीतर मेल्याला फोन लागला असता.”

त्या दिवसानंतर मला भीती वाटेनाशी झाली. रोज दोन-तीन ओळी दुरुस्त करायचे. ग्रंथालय ग्रंथालयात वाजायला लागलं. लोकांना कळलं तसे लोक जिन्याखाली यायला लागले, बाई, आमचाही बघा जरा. खोलीत पुन्हा वर्दळ झाली.

ऑक्टोबरच्या शेवटी काही विभाग नव्या इमारतीत गेले. ठरलं असं की त्यांचे फोन दोननं सुरू होत होते ते आता पाचनं सुरू व्हावेत. बासष्ट फोन होते. सोमवारी कॉलेजच्या मान्यतेसाठी बाहेरून समिती येणार होती, त्याआधी हे व्हायला हवं होतं. कंपनीचा माणूस बुधवारशिवाय येणार नव्हता. सरनोबत सरांनी शुक्रवारी सकाळी मुनीरभाईंना विचारलं, तर ते म्हणाले की मला दोन दिवस लागतील, पण सुगंधाताई एका ओळीत करतील.

एका ओळीत करता येत होतं, हे खरंच. एडला सांगायचं की पहिल्यापासून शेवटपर्यंत प्रत्येक ओळीत दोन सापडला की त्याचा पाच कर. फक्त त्या दोनच्या आधी शिफ्ट दाबून सहाच्या बटणावरचं चिन्ह द्यायचं. मुनीरभाई त्याला टोपी म्हणायचे. टोपी म्हणजे, ओळीच्या अगदी सुरुवातीला असलेला दोनच बदलायचा, मधल्याला हात लावायचा नाही. हे सगळं त्यांनी मला गुरुवारी शिकवलं होतं.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीनंतर सर स्वतः माझ्या खोलीत आले. खुर्ची ओढून बसले. मी कधी नव्हे ती ऐटीत होते. एका दमात हुकूम टाइप केला. पाव्हण्यानं प्रश्नचिन्ह म्हटलं नाही. मी फाईल साठवली, बाहेर पडले, यंत्राला यादी वाचायला लावली आणि म्हटलं, झालं सर. सर म्हणाले, कमाल आहे. आणि वर गेले.

दहा मिनिटांनी ते परत आले. पावलांवरूनच मला कळलं की काहीतरी झालंय.

समितीच्या अध्यक्षांनी सरांना फोन केला होता. सरांचा नंबर दाबला, आणि फोन कँटीनमध्ये वाजला. तिथल्या माणसानं त्यांचं बोलणं ऐकून न घेताच सांगितलं की मिसळ संपली, वडा आहे. अध्यक्षांनी दुसऱ्यांदा लावला, तेव्हा तो म्हणाला की एकदा सांगितलं ना. शेवटी त्यांनी सरांच्या घरी फोन केला होता, आणि घरून सरांच्या मोबाइलवर निरोप आला होता.

मुनीरभाई धावत आले. त्यांनी पडदा बघितला आणि खाली बसले. मुलींच्या वसतिगृहाचा फोन वर्कशॉपमधल्या ओतशाळेत जात होता. ग्रंथालयाचा नंबर एकशे वीसचा एकशे पन्नास झाला होता. जिथं जिथं ओळीत पहिला दोन होता, नंबरात असो की तारेच्या क्रमांकात, तिथं पाच झाला होता.

“ताई, टोपी,” ते हळूच म्हणाले.

टोपी मी विसरले होते.

आता उलटं फिरवायची सोय नव्हती. कुठला पाच आधीचा आणि कुठला नवा, ते फाईलला ठाऊक नव्हतं. मुनीरभाई म्हणाले की नक्कल काढून ठेवायला मी शिकवायला हवं होतं, चूक माझी आहे. कंपनीची फ्लॉपी होती, ती उघडेना. कॉलेजच्या छापील यादीत नंबर होते, पण तारा नव्हत्या. सरांनी पुण्याला फोन लावायला सांगितलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्यानं मला जास्त लागलं. ते म्हणाले, “थोरवतबाई, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. हे काम तुमच्यावर टाकायलाच नको होतं.”

एकवीस वर्षं पुन्हा माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

मी म्हटलं, “सर, चूक माझी. मुनीरभाईंची नाही. मला पाचपर्यंत वेळ द्या.”

“काय करणार?”

“यादी पुन्हा लिहिते. पहिल्यापासून.”

“एकशे शहाऐंशी फोन आहेत.”

“मला ठाऊक आहे सर. मीच जोडायचे.”

सरांनी खुर्ची ओढली. मग म्हणाले, लिहा. आणि गेले नाहीत, तिथंच बसले.

मी नवी रिकामी फाईल घेतली. ‘ए’ दाबलं आणि सुरू केलं. पहिल्या वीसेक ओळी जड गेल्या. तारेचा क्रमांक नुसता मनात आणला की अडखळत होते. मग मी डावा हात हवेत उचलला, बोर्ड असायचा त्या उंचीवर, आणि भोक शोधलं. हात गेला तिथला क्रमांक उजव्या हातानं लिहिला. मग एकदाही थांबले नाही. एका हातानं नसलेल्या बोर्डावर जायचं आणि दुसऱ्या हातानं ओळ लिहायची. ज्यांचे फोन नव्या इमारतीत गेले होते त्यांना लिहितानाच पाच देत गेले. पाव्हणा प्रत्येक अक्षर उच्चारत होता. मुनीरभाई दर दहा ओळींनी छापील यादीवरून नंबर ताडून ‘बरोबर’ म्हणत होते. मध्ये एकदा चहा आला, तो कुणी घेतला नाही.

साडेचार वाजता शेवटची ओळ लिहिली. मग एका ओळीवर पूर्णविराम दिला. ते विसरले नाही. मुनीरभाईंनी आधी नक्कल काढली, मग यंत्राला यादी दिली, आणि सरांनी समोरचा फोन उचलून एकेक नंबर दाबायला सुरुवात केली. ग्रंथालय. ओतशाळा. मुलींचं वसतिगृह. कँटीनच्या माणसाला त्यांनी स्वतःची ओळख सांगितली नाही, फक्त विचारलं, मिसळ आहे का. नवी केलीय म्हणाला.

एकशे शहाऐंशीत दोन चुका निघाल्या. त्या दोन तारा बोर्ड उचलल्यावर हलवल्या होत्या, मला कुणी सांगितलं नव्हतं.

सोमवारी समिती आली आणि गेली. त्याच आठवड्यात सरांनी ठरवलं की टेलिफोनची यादी आणि त्याची सगळी व्यवस्था माझ्याकडे अधिकृतपणे द्यायची, आणि तसं इंग्रजीत पत्र काढायला सांगितलं. मुनीरभाईच ते घेऊन खोलीत आले. फार खुशीत होते. म्हणाले, ऐका, वाचून दाखवतो.

मी म्हटलं, “थांबा. कागद नको. कचेरीतून फाईलच आणा फ्लॉपीवर, साध्या अक्षरांत.”

ते का म्हणून विचारत बसले नाहीत, जाऊन घेऊन आले. मी एड उघडला. पहिली ओळ मागितली, कॉलेजचं नाव. दुसरी, पत्ता. तिसरी, तारीख. चौथ्या ओळीवर पाव्हणा म्हणाला, “श्रीमती सुगंधा थोरात.”

मला वाटलं, त्याचा उच्चार. घोरपडेचं गोअर पेड करणाऱ्याचं काय धरून बसायचं. तरी मी त्याला एकेक अक्षर म्हणायला लावलं. टी, एच, ओ, आर, ए, टी.

“मुनीरभाई, यात व्ही कुठाय?”

ते पडद्याशी वाकले. “अरे, हो की. नाहीये.” मग म्हणाले, “मी मघाशी वाचताना थोरवतच वाचणार होतो. माझ्या लक्षातसुद्धा आलं नसतं.”

मला एक शंका आली. म्हटलं, कचेरीत माझी जुनी पत्रं असतील, ती बघता का. त्यांनी कपाटातून माझी सगळी फाईल आणली. नेमणुकीचं पत्र, कायम केल्याचं, पगारवाढीची, रजेची. चौदा वर्षांतली अकरा पत्रं. ते एकेक उलटत होते आणि प्रत्येक वेळी एकच शब्द बोलत होते. थोरात. थोरात. थोरात.

त्यातलं प्रत्येक पत्र मला कुणीतरी मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. शिपायानं, क्लार्कनं, वसतिगृहाच्या बाईंनी. सगळी चांगली माणसं. सगळे मला ओळखत होते, म्हणून कागदावर काहीही असलं तरी तोंडातून माझं खरं नाव यायचं. माझ्या नावानं आलेलं पत्र मी स्वतः वाचलं ते त्या दिवशी पहिल्यांदा, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, आणि त्यात चूक सापडली. मला रडू यायला हवं होतं बहुतेक. मला हसू आलं. मुनीरभाईंनाही आलं. दोघंही डोळ्यांतून पाणी येईतो हसलो.

मग मी चौथी ओळ दुरुस्त केली. थोरातच्या जागी थोरवत. ओळ परत वाचून घेतली, पाव्हण्याकडून अक्षरंही म्हणवून घेतली, साठवली, आणि कचेरीत जाऊन नवा कागद छापून घेतला. जुन्या अकरा पत्रांची दुरुस्ती व्हायला पुढं दीड वर्ष गेलं, ते असो.

नवं पत्र घेऊन मी वर सरांच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, सर, पुन्हा सही लागेल, नाव चुकलं होतं. कुणाच्या लक्षात आलं, त्यांनी विचारलं. माझ्या, म्हटलं. त्यांनी पेन काढलं, टोपण उघडल्याचा आवाज आला, सही केली. मग घसा साफ केला आणि नेहमीच्या सवयीनं कागद समोर धरून मला मोठ्यानं वाचून दाखवायला सुरुवात केली.

“राहू द्या सर,” मी म्हटलं. “मी वाचलंय.”